ड्रोन आपला, रिमोट कोणाचा?

फाल्गुनाच्या दुसऱ्या आठवड्यात वारणाकाठच्या एका गावातील जिनमंदिराच्या शिखरावर तडा दिसला. दिसला म्हणजे खालून पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना दिसला. उरलेल्यांना ती पावसाच्या पाण्याची जुनी काळी रेघ वाटली. परांची बांधल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असे गवंड्याचे म्हणणे होते. नुसते पाहण्यासाठी एवढा खर्च कशाला, असे विश्वस्त मंडळाचे. गावात गुळाची अडत असलेल्या एका घरी २०२१ साली पक्क्या बिलासह घेतलेला छोटा ड्रोन होता, डीजेआय कंपनीचा मिनी २. त्या घरातील नातू बैठकीत म्हणाला, "आप्पा, दहा मिनिटांचे काम आहे. मी वरचे चित्रण करून आणतो."

अडचण एकच होती. ड्रोन धडधाकट होता, पण त्याचा रिमोट दिवाळीत जिन्यावरून पडून निकामी झाला होता. नातू जिल्ह्याच्या गावी गेला. दुकानदाराने समोर ठेवलेल्या रिमोटला स्वतःचाच पडदा होता, मोबाइल जोडण्याची कटकट नव्हती, दिसायलाही तो देखणा होता. "एकाच कंपनीचा माल आहे, चालणारच," या एका वाक्यावर पाच आकडी रक्कम मोजली गेली. रात्री उशिरापर्यंत खटपट करूनही ड्रोन आणि रिमोट एकमेकांना ओळखेनात. दुसऱ्या दिवशी दुकानात उत्तर मिळाले, की फोडलेला डबा परत घेतला जात नाही.

आप्पा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "गुळाची ढेप फोडून, कण जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. इथे न पाहता पैसे कसे मोजलेस, बाळ?"

हा प्रसंग एका घरचा असला, तरी चूक अनेक घरांत होणारी आहे. लग्नकार्य, पंचकल्याणक प्रतिष्ठा, रथयात्रा, शेतावरील गोदामाचे छप्पर, अशा निमित्तांनी छोटे ड्रोन व्यापारी कुटुंबांत आले आहेत. ड्रोन जपून ठेवला जातो. रिमोट मात्र पडतो, हरवतो, मुलांच्या हाती लागतो. मग दुसरा घेण्याची वेळ येते आणि टीव्हीच्या रिमोटचा अनुभव इथे लावला जातो. टीव्हीला बाजारातला कोणताही 'युनिव्हर्सल' रिमोट बहुधा चालतो. ड्रोनचे तसे नाही.

बहुतेक छोटे ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झ या लहरींवर चालतात. डब्यावर हा आकडा सारखा दिसला की दोन वस्तू जुळतील असे वाटते. परंतु लहर ही केवळ वाट आहे. त्या वाटेवर बोलली जाणारी भाषा वेगळी असू शकते. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. दोन हात एकाच रुमालाखाली असले, तरी बोटांची खूण ठाऊक नसेल तर भाव कळत नसे. ड्रोन आणि रिमोट यांच्यातही अशीच ठरलेली खूण असते. रिमोटकडून आज्ञा जातात, ड्रोनकडून चित्र, उंची, अंतर आणि बॅटरीची स्थिती परत येते. खूण जुळली नाही तर समोरासमोर ठेवलेली दोन यंत्रेही एकमेकांना परकीच राहतात. खेळण्यातल्या स्वस्त ड्रोनच्या बाबतीत तर नियम सरळ आहे: त्याच नमुन्याचा रिमोट मिळाला तर घ्यावा, नाही तर नाद सोडावा.

डीजेआयच्या छोट्या ड्रोनांची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे आणि सर्वाधिक फसगत तेथेच होते. २०१९ मध्ये आलेला मॅव्हिक मिनी वाय-फायच्या सुधारित प्रकारावर चालत असे आणि त्याला स्वतःचा वेगळा रिमोट होता. त्यातही लहरींच्या फरकामुळे दोन उपप्रकार निघाले. एका उपप्रकाराचा रिमोट दुसऱ्याच्या ड्रोनला लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मिनी २ आला तेव्हा ही वाय-फायची पद्धत सोडून कंपनीने ऑक्युसिंक २ ही आपली प्रक्षेपण पद्धत त्यात घातली. त्याचा रिमोट आरसी-एन१. यात मोबाइल वरच्या चापात बसवावा लागतो. हाच रिमोट मॅव्हिक एअर २, एअर २एस, मिनी २ एसई, मिनी ३ आणि मिनी ३ प्रो यांनाही चालतो, म्हणून जुन्या बाजारात त्याला मागणी असते.

मे २०२२ मध्ये मिनी ३ प्रोच्या बरोबर पडदा असलेला डीजेआय आरसी हा रिमोट आला. त्याचा पडदा ५.५ इंचांचा असून उन्हातही चांगला दिसतो. नातवाने आणला तो हाच. तो मिनी ३, मिनी ३ प्रो, एअर २एस आणि मॅव्हिक ३ यांना चालतो. मिनी २ ला चालत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मिनी ३ मध्ये प्रक्षेपणाची पद्धत मिनी २ प्रमाणे ऑक्युसिंक २ हीच आहे. तरीही पडद्याचा हा रिमोट एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे लहर सारखी, कंपनी सारखी, पद्धतीचे नावही सारखे, एवढे जुळूनही काम अडू शकते. कंपनीने त्या ड्रोनसाठी त्या रिमोटला मान्यता दिली आहे का, हा एकच प्रश्न निर्णायक ठरतो आणि त्याचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर, त्या त्या रिमोटच्या माहितीपत्रकात, मिळते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मिनी ४ प्रो आला, त्यात ओ४ ही पुढची पद्धत होती आणि रिमोटही वेगळे होते: मोबाइल बसविण्याचा आरसी-एन२ व पडद्याचा आरसी २. मिनी ४ प्रोला जुना आरसी-एन१ लागत नाही आणि डीजेआय आरसीही लागत नाही. घोटाळा असा, की एन१ आणि एन२ शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. तोच करडा रंग, तीच ठेवण. म्हणून छायाचित्र पाहून खरेदी करू नये. रिमोटवर बारीक अक्षरांत नमुना क्रमांक छापलेला असतो, तो भिंगाने का होईना वाचावा. आरसी-एन१ वर आरसी२३१ असे, तर पडद्याच्या डीजेआय आरसीवर आरएम३३० असे लिहिलेले आढळते. ज्या घरात सोन्यावरचा हॉलमार्क वाचल्याशिवाय बांगडी घेत नाहीत, त्या घराला हे अवघड नाही.

मोबाइलचा रिमोट घ्यावा की पडद्याचा, हा प्रश्न जेथे दोन्ही चालतात तेथेच उरतो. पडद्याचा रिमोट महाग, पण सोयीचा. व्यापाऱ्याचा फोन दिवसभर वाजत असतो. ड्रोन कळसाजवळ असताना एखाद्या पेढीचा फोन आला आणि चित्र झाकले गेले तर जीव टांगणीला लागतो. मोबाइलच्या रिमोटबरोबर आपल्या फोनला जुळणारी केबल लागते आणि डीजेआय फ्लाय हे ॲप लागते. ॲंड्रॉइड फोनवर ते गुगलच्या प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे लागते. घरात एखादा चांगला जुना फोन पडून असेल तर तो केवळ याच कामासाठी ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

वापरलेला रिमोट घ्यायचा असेल तर ड्रोन बरोबर घेऊन जावा आणि जोडणी विकणाऱ्याच्या समोर करावी. आधी ड्रोनची पाती काढून ठेवावीत. बोटे जपण्याचा याहून सोपा उपाय नाही. दोन्ही यंत्रे अर्ध्या मीटरच्या आत ठेवून सुरू करावीत, ॲपमध्ये जोडणीचा पर्याय निवडावा आणि ड्रोनचे बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरावे; ड्रोन आवाज देतो आणि जोडणी झाल्याचे पडद्यावर येते. काही वेळा दोन्हींचे सॉफ्टवेअर मागेपुढे असते, तेव्हा ते अद्ययावत करावे लागते. नंतर दोन्ही दांड्या सर्व दिशांना फिरवून पाहाव्यात, सोडल्यावर त्या मध्यावर येतात का हे पाहावे. ड्रोनच जुना घेत असाल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून तो मोकळा करून घ्यावा. पैसे दिल्यानंतर हा माणूस फोन उचलेलच असे नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. भारत सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा ही कारणे तेवढी वगळली आणि सुटे भाग मोकळे ठेवले. त्यामुळे 'दुबईहून आलेला, बिलाशिवायचा' ड्रोन रिमोटसह स्वस्तात देतो म्हणणारे भेटतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम आहे आणि प्रतिरूपकव्यवहारही आहे. राज्याचा नियम चुकवून आलेला माल आणि अस्सलाच्या नावाने विकलेली नक्कल, या दोन्हींसाठी आपल्याकडे शब्द शोधावे लागत नाहीत.

उड्डाणाचे नियम २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमावलीत आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात येतो. मिनी २ चे वजन २४९ ग्रॅमच्या आत ठेवले आहे ते याच मर्यादेसाठी. नॅनो उडविणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण ड्रोनचा ओळख क्रमांक घेणे आणि आपली जागा नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे का हे पाहणे चुकत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पात्यांभोवती रक्षक जाळी लावली की वजन २५० ग्रॅमच्या पुढे जाते आणि वर्ग बदलतो, हेही ध्यानात असावे.

ती जाळी हवीहवीशी वाटते ती पाखरांसाठी. पात्याचा एक फटका कबुतराला पुरेसा असतो, आणि दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालविणाऱ्या समाजाने मंदिरावरच पाखरे जखमी करावीत हे शोभणारे नाही. सकाळी दाणे टिपायला थवे उतरतात ती वेळ टाळावी, सूर्यास्तानंतर तर उडवूच नये. रिमोट अस्सल आणि जुळणारा असण्याचा संबंध येथेही आहे. संपर्क तुटला तर ड्रोन निघाल्या जागी स्वतः परततो, परंतु ठरवून दिलेल्या उंचीवरून. मिनी २ ला समोरचा अडथळा दिसत नाही. त्याचे संवेदक केवळ खाली पाहतात. परतीची उंची कळसाहून पुरेशी वर ठेवली नसेल, तर परतणारा ड्रोन थेट शिखरावर आदळतो.

गुळाच्या अडतीतल्या त्या घरी पडद्याचा रिमोट आठ दिवस कपाटात होता. मग ओळखीतल्या एका छायाचित्रकाराने तो मागितला. त्याच्याकडे कोणता ड्रोन आहे हे त्याने सांगितले नव्हते आणि नातवानेही विचारले नव्हते. घेणारा राजी असताना आपण का खोदून विचारावे, असा त्याचा हिशेब. आप्पांनी व्यवहार थांबविला. त्यांनी दुकानातल्या कोऱ्या पावतीवर स्वतःच्या हाताने लिहविले: हा रिमोट अमुक चार ड्रोनांना चालतो, मिनी २ ला चालत नाही, डबा एकदा उघडलेला आहे. पावती वाचून छायाचित्रकाराने आपला ड्रोन सांगितला. तो मिनी २ एसई होता. सौदा तेथेच मोडला. पुढे तीन आठवड्यांनी एअर २एस बाळगणारा एक गिऱ्हाईक मिळाला आणि मूळ किमतीहून बराच कमी भाव आला. तोटा नातवाच्या नावे मांडला गेला. तो त्याने दुकानात सुटीचे दिवस बसून फेडला.

मिनी २ साठी वापरलेला आरसी-एन१ सांगलीत मिळाला. नातू या वेळी ड्रोन पिशवीत घालून गेला होता आणि जोडणी झाल्यावरच त्याने पाकीट काढले. चैत्राच्या पहिल्या रविवारी, पूजा आटोपून माणसे पांगल्यावर, त्याने ड्रोन मंदिरामागच्या मोकळ्या जागेतून वर नेला आणि शिखरापासून बऱ्याच अंतरावर थांबवून चित्र मोठे केले. आप्पा, दोन विश्वस्त आणि गवंडी फोनभोवती वाकले. ती रेघ नव्हती, तडाच होता, वरच्या आमलकाच्या खालपासून हातभर लांब. आणि त्या फटीच्या रुंद टोकाला एका राघूचे डोके बाहेर आले, आत गेले, पुन्हा आले.

"मागे घे, मागे घे," आप्पा म्हणाले. ड्रोन उतरविण्यात आला. गवंड्याने परांचीचा अंदाज लिहून दिला. विश्वस्तांनी त्यावर तारीख घातली नाही. पिल्ले उडून गेल्यावर, पण पावसापूर्वी, असे टिपणवहीत नोंदविले.