बीजशुद्धी आणि आपण वैद्य

ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार भावांच्या संयोगाने अंकुर उत्पन्न होतो, हा सुश्रुताचार्यांचा शारीरस्थानातील दृष्टान्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. गर्भाच्या संदर्भात बीजशुद्धीचा विचार आपण नित्य करतो. शेतात पेरल्या जाणाऱ्या बीजाच्या शुद्धीचा विचार मात्र कृषिखात्याचा म्हणून सोडून देतो. जेऊर येथील व्यवसायात आलेल्या एका अनुभवाने आम्हांस या उपेक्षेचा फेरविचार करावयास लावले.

जेऊर हे करमाळा तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. उजनीच्या पाण्यामुळे या परिसरात ऊस आणि केळी आली, तसे दुभत्या जनावरांसाठी लसूणघासाचे वाफेही आले. एके दिवशी एक परिचित शेतकरी पिवळ्या दोऱ्यांसारख्या वेलीची जुडी घेऊन दवाखान्यात आला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ही तुमच्या औषधाला लागते म्हणतात. तुम्हीच ठेवा. माझा घास मात्र गेला.”

ती अमरवेल होती. निघंटूंतील आकाशवल्ली म्हणून आपण जिचा परिचय करून घेतो, तिच्याच कुळातील ही वेल. आपल्या लेखी ते द्रव्य, त्याच्या लेखी सर्वनाश. विचारपूस करता समजले की, बी बाजारातून सुटे, वजनावर घेतले होते. पिशवी नाही, लेबल नाही, पावती नाही. तक्रार करावी तर कोणत्या आधारावर?

अमरवेलीस मूळ व पाने नसल्यात जमा. ती यजमान वनस्पतीच्या खोडात शोषकांकुर रोवून तिचाच रस शोषते. तिचे बी लसूणघासाच्या बियांत सहज मिसळून जाते, जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते आणि जनावराच्या पोटातून शेणावाटे पुन्हा शेतात येते. बी लहान असल्याने बारीक चाळणीने बरेचसे गळते, परंतु सारख्या आकाराचे मागे उरते. म्हणून काही देशांत बियाण्यात लोहचूर्ण मिसळून ते चुंबकावरून नेतात. अमरवेलीच्या खरखरीत बीजास चूर्ण चिकटते, घासाच्या गुळगुळीत बीजास चिकटत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे असे नव्हे. बियाणे अधिनियम 1966 नुसार अधिसूचित वाणांच्या बियाण्यास उगवणशक्ती व शुद्धतेची किमान मर्यादा पाळावी लागते. प्रमाणीकरणाच्या मानकांत ‘आक्षेपार्ह तणे’ नावानिशी दिलेली आहेत. गव्हाच्या प्रमाणित बियाण्यात हिरणखुरी, गुल्लीदंडा यांसारख्या तणांचे बी किलोमागे 5 पेक्षा अधिक चालत नाही. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचे 10 पेक्षा अधिक नाही. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्यास परवाना व ग्राहकास पावती बंधनकारक केली. उणिवाही आहेत. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे, आणि पहिल्या अपराधास मूळ कायद्याने ठेवलेला दंड अवघा 500 रुपयांपर्यंतचा. शेतकऱ्याने स्वतः पिकविलेले बी आपल्याच जागेवर दुसऱ्यास पेरणीसाठी थेट दिल्यास कलम 24 अन्वये कायदा लागू होत नाही. ही सवलत रास्त आहे. परंतु सुटे बी विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ती नाही.

या मानकांतील एक गोष्ट वैद्यांनी विशेष लक्षात घ्यावी. तेथे आक्षेपार्ह बीज वजनाने नव्हे, संख्येने मोजतात. आपल्या भेषजसंहितेत अनेक द्रव्यांसाठी ‘बाह्य द्रव्य शेकडा 2 पर्यंत’ अशी वजनी मर्यादा असते. किलोत शेकडा 2 म्हणजे 20 ग्रॅम. ते काडीकचरा असेल तर हानी अल्प. तेच पिवळ्या धोत्र्याचे बी असेल तर संख्या हजारोंत जाते. किती मिसळले याइतकेच काय मिसळले हे महत्त्वाचे.

1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील धोत्र्याच्या भेसळीने शोथाची साथ उद्भवली. पायांस सूज, श्वासकष्ट, हृद्विकार अशा लक्षणांनी साठांहून अधिक व्यक्ती दगावल्या. याच वनस्पतीस आपल्यापैकी काही जण स्वर्णक्षीरी म्हणून वापरतात. वास्तविक ती मूळची अमेरिका खंडातील. चरकसंहितेच्या काळी ती या देशात असणे शक्य नाही. बीज ओळखण्यातील ही चूक आपल्याच घरातील आहे.

तेव्हा आमची वैद्यबंधुभगिनींस विनंती अशी. अश्वगंधा, ओवा आदी पिकविणाऱ्या आपल्या परिचित शेतकऱ्यांस लेबल असलेलेच बियाणे घेण्यास सांगावे. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. पिशवी, खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर नमुना पीक निघेपर्यंत जपून ठेवावा. शंका असल्यास नमुना पुणे, परभणी वा नागपूर येथील बीज परीक्षण प्रयोगशाळेत तपासता येतो. कच्चे द्रव्य विकत घेताना वजनी मर्यादेवर न थांबता विषारी बीजांची नावानिशी तपासणी करावी.

ती जुडी आम्ही औषधासाठी ठेवली नाही. तिला फळे धरली होती. दवाखान्यामागे ती जाळली आणि बाधित वाफा यजमान पिकासह जागीच कापून जाळण्यास त्या शेतकऱ्यास सांगितले. पुढल्या वर्षी बी घेण्यापूर्वी तो पिशवी घेऊन आमच्याकडे आला. खूणचिठ्ठी आम्ही दोघांनी मिळून वाचली.