चाळकेवाडीचा निळा गळा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळ्याआधी जा आणि दगडांकडे नीट बघा. वीतभर लांबीचाही नसलेला सरडा दगडावर चढतो, पुढचे पाय ताणतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, केशरी! मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. हा 'सरडा सुपर्बा'. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही प्रजाती नवी म्हणून नोंदवली आणि तिच्या जीनसच्या नावासाठी थेट आपला मराठी 'सरडा' उचलला. मला याचा फार अभिमान वाटतो.

हा अ‍ॅगामिडी घराण्यातला. घरातली पाल वेगळ्या घराण्यातली: तिला मिटणाऱ्या पापण्या नाहीत, डोळे ती जिभेने पुसते. सरड्याला पापण्या असतात. पाल शेपूट टाकून निसटते. अ‍ॅगामिडीतल्या बहुतेकांना ते जमत नाही. सापसुरळी आणि घोरपड यांची घराणी आणखी निराळी.

चाळकेवाडीच्या याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि हे सरडे जास्त. तिथले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात, त्यांच्यातलं ताणाचं संप्रेरकही कमी असतं.