चौकट : विश्रामबागेचा आराखडा

पुण्याच्या मध्यवस्तीत, बाजीराव रस्त्यावर गेले की भेटणारा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये राहण्यासाठी पुरा केला. १८२१ मध्ये कंपनी सरकारने तिथे संस्कृत पाठशाळा उघडली (तिचाच वारसा पुढे डेक्कन कॉलेजकडे गेला), तर विसाव्या शतकात नगरपालिकेची कचेरी आली. धनी इतके बदलूनही वाडा कामाचा राहिला, याचे श्रेय आराखड्याला द्यावे लागते. चौकाभोवती सोपे, सोप्यामागे खोल्या. उजेड, वारा आणि वाट चौकातूनच मिळते. वर्गाला हेच हवे असते, दप्तरालाही.

सुरूच्या घाटाचे कोरीव खांब आणि रस्त्यावर झुकलेला सज्जा कारकुनांसाठी नव्हते, हा आक्षेप खरा. पण तो दर्शनी भागापुरता. कचेरीने रया घालवली, ही तक्रारही अर्धीच पटते. वाड्याला मोठी इजा झाली ती १८७९ च्या आगीत, म्हणजे कचेरी येण्याच्या कितीतरी आधी. या बांधणीची दुबळी बाजू कारकून नव्हे, लाकूड. जळालेला भाग मात्र लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला.