मागचे पाय गेले म्हणजे कुत्रं संपलं असं नाही. चाकगाडीवर ते पुन्हा फिरू शकतं

प्रतिनिधी : रात्री रस्त्यावर गाडीचा धक्का बसतो आणि सकाळी वस्तीवरचं कुत्रं पुढच्या दोन पायांवर अंग ओढत दारात येतं. कंबरेखालचा भाग लुळा, मांड्या खरचटलेल्या. चार दिवसांत जखमेत किडे पडतात. मग घरात एकच बोलणं सुरू होतं, "आता याचं काही खरं नाही." काही जण त्याला लांब नेऊन सोडतात, काही जण जगेल तेवढं जगू दे म्हणून बघत राहतात.

खरं तर मागचे पाय गेलेली पुष्कळ कुत्री चाकगाडीवर चालतात, पळतात, राखणही करतात. अमेरिकेत एका इंजिनिअरने १९८९ साली आपल्या बुद्धा नावाच्या डॉबरमन कुत्र्यासाठी अशी गाडी बनवली आणि त्यातून पुढे गाड्यांचा कारखानाच उभा राहिला. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरला अ‍ॅनिमल एड अनलिमिटेड ही संस्था २००२ पासून रस्त्यावरच्या जखमी जनावरांवर उपचार करते. तिथे लुळी पडलेली गावठी कुत्री रोज चाकगाडीवर फिरवली जातात. गाडीचं काम अवघड नाही. अवघड आहे ते गाडीच्या आधीचं आणि नंतरचं.

आधी हे बघा : पाय कशाने गेले?

अपघात डोळ्यांनी पाहिला असेल तर गोष्ट वेगळी. पण धडधाकट कुत्रं एकाएकी मागून लटपटायला लागलं, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, तर जवळ जाऊ नका. रेबीजच्या एका प्रकारात कुत्रं चावत सुटत नाही, ते गप्प होतं आणि लुळं पडतं. घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालणं जिवावर बेतू शकतं. कुत्रं चावलं किंवा लाळ जखमेला लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

डिस्टेंपर या आजारातही आधी ताप, नाका-डोळ्यांतून घाण, मग झटके येतात आणि पाय जातात. कारण डॉक्टरच सांगू शकतील, म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकीय दवाखान्याची.

अपघातानंतरचे पहिले तास

पाठीचा कणा मोडला असू शकतो. पाय धरून किंवा बगलेत घालून उचलू नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर सरकवून आडवं न्या. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं, म्हणून सुती पट्टीने तोंड सैलसर बांधा. उलटी होत असेल किंवा श्वास लागत असेल तर बांधू नका. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा पोट खराब होऊन जीव जाऊ शकतो.

दवाखान्यात डॉक्टर बोटाला चिमटा काढून बघतात. विहिरीवरची मोटार चांगली असते, पण केबल तुटली तर स्टार्टर दाबूनही पाणी येत नाही. इथेही तसंच आहे. पाय शाबूत असतात, मेंदूकडून येणारी वायर कण्यात दबलेली असते. चिमट्याने कुत्र्याला दुखलं, त्याने वळून पाहिलं, तर वायर पूर्ण तुटलेली नाही. अशी काही कुत्री विश्रांती, औषध आणि पायांच्या व्यायामाने पुन्हा चालू लागतात. त्यांना गाडी व्यायामापुरती लागते. ज्यांना काहीच जाणवत नाही, त्यांना बहुतेक वेळा ती जन्मभराची सोबत. कण्याची दुखापत ताजी असताना मात्र गाडीला जुंपायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच.

गाडी कशी बनते?

तयार गाड्या ऑनलाइन मिळतात. पण प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, सोल्युशन, दोन चाकं, फोम आणि जुन्या दप्तराचे पट्टे एवढ्यात घरीही जमते.

मापं तीन घ्यायची. एकाने कुत्र्याला उभं धरायचं, दुसऱ्याने मोजायचं :

• उंची : जमिनीपासून मागच्या जांघेपर्यंत.
• रुंदी : कंबर सर्वात रुंद आहे तिथे. दोन्ही बाजूंना फोमपुरती जागा सोडायची.
• लांबी : पुढच्या पायाच्या बगलेपासून शेपटीच्या मुळापर्यंत.

दोन्ही अंगांना दोन पाइप आणि मागून जोडणारा एक आडवा पाइप. पुढून मोकळं. जांघेखाली जाड कापडाची झोळी, तिला मागच्या पायांसाठी दोन भोकं. शेपटीखालची जागा मोकळी हवी, म्हणजे शी-शू गाडीतच होते. छातीला रुंद पट्टा. चाकांना जोडणारा दांडा पोटाखालून नको, पाय अडकतात. दोन्ही चाकं आपापल्या बोल्टवर बसवा. शेतातल्या ढेकळांत बाबागाडीची बारकी चाकं रुततात, तिथे लहान मुलांच्या सायकलीची चाकं बरी.

खरी मेख तोलात आहे. बैलगाडी ज्याने हाकली त्याला हे सांगायला नको. गाडी धुरजड झाली की बैलाच्या मानेवर भार येतो, उलाळ झाली की जू वर उचलतं. इथेही चाकं साधारण कंबरेच्या खाली हवीत आणि पाठ जमिनीला समांतर. मागून उंच झालं तर सगळा भार पुढच्या पायांवर येऊन खांदे दुखतात. मागचे पंजे फरफटत असतील तर पट्ट्यात अडकवून वर धरायचे. पुढचे पायही कमजोर असतील तर दोन चाकांची गाडी चालत नाही, चार चाकांची लागते.

सुरुवात पाच मिनिटांनी

पहिल्या दिवशी काही कुत्री जागची हलत नाहीत. भाकरीचा तुकडा पुढे धरा. पाच-दहा मिनिटांनी सोडवा आणि रोज थोडं वाढवा. गाडीत कुत्र्याला बसता किंवा आडवं होता येत नाही, म्हणून त्याला जुंपून शेतात निघून जायचं नाही. बांधावर, चरीत गाडी उलटली तर ते स्वतः उठू शकत नाही. सोडवल्यावर जांघ, बगल, छाती बघा. कातडी लाल दिसली तर फोम वाढवा.

गाडीपेक्षा मोठं काम

लुळ्या कुत्र्याला बऱ्याचदा स्वतःहून लघवी होत नाही. थेंब थेंब गळते म्हणून झाली असं वाटतं, पण पिशवी तुंबलेली असते आणि त्यातून संसर्ग होतो. पोट दाबून लघवी कशी काढायची हे डॉक्टरांकडून हाताने शिकून घ्या. हे दिवसातून तीन-चार वेळा करावं लागतं. अंथरूण मऊ आणि कोरडं हवं. दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाच्या जागी जखमा होतात.

म्हणून पाइप आणायच्या आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा. सकाळ-दुपार-संध्याकाळ हे कोण करणार? सुगीत कोण, लग्नाला गावाला गेल्यावर कोण? वेदना थांबतच नसतील तर पुढे काय करायचं, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. प्रत्येक कुत्र्याला गाडी हेच उत्तर नसतं.

पण घरात एक जरी माणूस "मी करतो" म्हणाला आणि कुत्र्याचे पुढचे पाय धड असले, तर त्याला लांब नेऊन सोडायची घाई करू नका. ज्याने रात्र-रात्र खळं राखलं, ते दोन चाकांवर पुन्हा तुमच्या मागे बांधापर्यंत येऊ शकतं.