जहाज चालतं पेगवर

काका रोज संध्याकाळी दोन पेग घेतात. काकू अजिबात घेत नाहीत, आणि काका तिसरा भरायला लागले की नुसतं बघतात. दोघं सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर आहेत. काकांना ‘अनलिमिटेड ड्रिंक्स’चं पॅकेज हवंय. काउंटरवरची मुलगी गोड हसून सांगते, “सर, एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागेल.” काका म्हणतात, “अहो, पण ही पीत नाही!” मुलगी पुन्हा तेवढंच गोड हसते.

प्रसंग रचलेला आहे, नियम मात्र खरा. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही बड्या अमेरिकी कंपन्या तो लावतात. एकाने पॅकेज घ्यायचं आणि त्याच कार्डावर दोघांनी प्यायचं, हे होऊ नये म्हणून. काकूंच्या बाबतीत फार तर बिनदारूचं, म्हणजे सरबत-कॉफीचं पॅकेज चालवून घेतलं जातं, तेही मागे लागल्यावर. आणि सहलीच्या मधल्या एखाद्याच दिवसापुरतं पॅकेज मिळत नाही. घ्यायचं तर सगळ्या दिवसांचं.

पॅकेज नको म्हणून सुटं घ्यावं, तर दर पाहून घसा आपोआप कोरडा पडतो. या जहाजांवर बिअर साधारण ७ ते ९ डॉलरला, कॉकटेल १२ ते १५ डॉलरला. वर १८ ते २० टक्के सेवाशुल्क बिलात आधीच लावलेलं असतं. तरीही सहीच्या जागेवर ‘आणखी टिप’ म्हणून एक रिकामी ओळ छापलेली असते, आणि सवयीने तिथेही आकडा टाकणारे असतातच.

गंमत अशी की जहाजाच्या कोठारात ही दारू जमिनीवरच्या दुकानापेक्षा स्वस्त पडते. परदेशी फेरीवर निघालेल्या जहाजाचा साठा हा बंदराच्या देशात खपणारा माल नव्हे, म्हणून त्यावर सीमाशुल्क नाही आणि उत्पादन शुल्कही नाही. अमेरिकी कायद्यातही ही सवलत आहे, आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातही आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला या सवलतीचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट करायचं ठरलं. परमिट रूममध्ये बसून प्यायलात तर नोव्हेंबर २०२३ पासून ५ ऐवजी १० टक्के व्हॅट. स्कॉचवर तर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. भारत-ब्रिटन व्यापार कराराने ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं कबूल केलं आहे. यातलं काहीही भरावं न लागणाऱ्या जहाजावर पेग आपल्या परमिट रूमच्या कितीतरी पट महाग असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

हा मसाला कशाचा, हे कळायला तिकिटाकडे बघावं लागतं. खोली, चार वेळचं खाणं, रात्रीचे खेळ, पोहण्याचे तलाव आणि शिवाय एका देशातून दुसऱ्या देशात प्रवास, एवढं सगळं धरलं तर क्रूझचं तिकीट चांगल्या हॉटेलच्या तुलनेत स्वस्त असतं. ते स्वस्तच ठेवावं लागतं, कारण हजारो खोल्यांचं जहाज रिकामं धावलं तरी इंधन तेवढंच जळतं. २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर तर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. आधी खोल्या भरायच्या, मग खोलीतल्या माणसाकडून कमवायचं. कार्निव्हल समूहाचं २०२४ चं उत्पन्न सुमारे २,५०० कोटी डॉलर होतं. त्यातले जवळजवळ ८५० कोटी तिकिटाबाहेरचे होते: बार, कॅसिनो, स्पा, दुकानं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली. म्हणजे तिकिटाच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर प्रवासी तिकिटाबाहेर देतो. रॉयल कॅरिबियनचं गणितही फार वेगळं नाही.

म्हणून न पिणाऱ्याने बारचे दर पाहून नाक मुरडू नये, असं मला वाटतं. त्याच्या स्वस्त तिकिटाचा काही भाग शेजारच्या केबिनमधला पिणारा माणूस भरत असतो. पोटभर जेवून, नाटक बघून, जिममध्ये घाम गाळून आणि फुकटचं लिंबूपाणी पिऊन एक पैसाही जास्त न खर्चता उतरणारं शाकाहारी, निर्व्यसनी कुटुंब हे क्रूझ कंपनीचं सगळ्यात तोट्याचं गिऱ्हाईक. आपल्याकडची अनेक कुटुंबं या वर्णनात चपखल बसतात. एका केबिनमधल्या सगळ्यांना पॅकेज घ्यायला लावणारा नियम काकूंना अन्यायाचा वाटतो. कंपनीच्या लेखी ती वसुली आहे.

एके काळी मात्र दारूसाठीच लोक जहाजावर चढत. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली आणि वाद उभा राहिला की हा कायदा पाण्यावर कुठवर चालतो. सरकारने अमेरिकी झेंड्याची जहाजं जगात कुठेही असली तरी कोरडीच, अशी भूमिका घेतली. १९२३ मध्ये ‘कुनार्ड विरुद्ध मेलन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरला. अमेरिकी जहाजाला किनाऱ्यापासून तीन मैलांपुढे दारूबंदी लागू नाही. पण तीन मैलांच्या आत परदेशी जहाजालाही दारू बाळगता येणार नाही, कुलूपबंद असली तरीही! ब्रिटिश आणि फ्रेंच कंपन्यांची पंचाईत झाली. परतीच्या प्रवासाची वाइन आणायची कुठून? शेवटी १९२४ मध्ये ब्रिटनबरोबर करार झाला. ब्रिटिश जहाजांनी सीलबंद साठा न्यूयॉर्कपर्यंत आणावा, आणि त्या बदल्यात संशयित ब्रिटिश बोटींची झडती किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत अमेरिकेला घेऊ द्यावी.

न्यायालयाने मोकळीक दिली तरी अमेरिकी सरकारच्या मालकीचं भव्य ‘लेव्हायाथन’ जहाज १९२३ मध्ये कोरडंच अटलांटिक ओलांडू लागलं आणि तहानलेले अमेरिकी अर्थातच ब्रिटिश जहाजांकडे वळले. पुढे मंदी आली, अटलांटिक ओलांडायला पैसे उरले नाहीत. तेव्हा कंपन्यांनी न्यूयॉर्कहून निघून समुद्रात घिरट्या घालून परत येणाऱ्या छोट्या, स्वस्त फेऱ्या सुरू केल्या. ‘बेरेंगारिया’सारखं एके काळचं राजेशाही जहाजही त्यात उतरलं. जायचं ठिकाण नावापुरतं, खरं आकर्षण म्हणजे हद्द ओलांडली की उघडणारा बार. १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठली. पण कुठेही पोचायचं नसताना नुसतं फिरण्यासाठी जहाजावर चढायची चटक लागायला त्या बारचा चांगलाच हातभार लागला होता.

आता पुन्हा पॅकेजकडे येऊ, कारण आजचा खरा डाव तिथे आहे. पॅकेजचे दर जहाजाप्रमाणे, मोसमाप्रमाणे, विमान तिकिटासारखे बदलतात. मोठ्या जहाजांवर दिवसाला माणशी ६० ते १०० डॉलर हा साधारण पट्टा. हिशेबापुरते ८० धरू. १८ टक्के चढवले की ९४ डॉलर ४० सेंट. १४ डॉलरचं कॉकटेल सेवाशुल्कासह साडेसोळाला पडतं, तेव्हा पैसे वसूल व्हायला रोज सहा कॉकटेल हवीत. आठ डॉलरच्या बिअर घेत असाल तर दहा! दिवसभर बंदरात उतरून गाव बघणार असाल तर हे सगळं संध्याकाळ ते मध्यरात्र या वेळात उरकायचं. सात रात्रींचं दोघांचं पॅकेज होतं साधारण १,३२२ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी १ लाख १२ हजारांच्या वर. दोन पेगवाल्या काकांनी सुटे घेतले तर रोजचे ३३ डॉलर होतात. त्यांनी काउंटरवरून निमूटपणे परत यावं हे बरं.

तरीही पॅकेज धडाक्यात खपतात. माणसाला दर वेळी किंमत बघत पिणं आवडत नाही. सुट्टीवर असताना तर मुळीच नाही. शिवाय जहाजावर रोख पैसे नसतातच; गळ्यातलं कार्ड किंवा मनगटावरचा पट्टा टेकवला की झालं. आकडा शेवटच्या सकाळी कळतो. आधीच घेतलेल्या पॅकेजचे पैसे तर जहाज सुटायच्या कितीतरी आधी कंपनीच्या खात्यात जमा असतात.

‘अमर्याद’ या शब्दालाही मर्यादा आहे. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ या वेळात दारूची १५ पेयं. सोळावं विकतही मिळत नाही. दारू ‘फुकट’ देणारी ‘नॉर्वेजियन’ नावाची कंपनी त्याहून हुशार निघाली. तिच्या ‘फ्री ॲट सी’ योजनेत काही वर्षं दिवसाचं पॅकेज १०९ डॉलरचं दाखवलं जाई, ते माफ केलं जाई, आणि त्या १०९ वरचं २० टक्के सेवाशुल्क मात्र घेतलं जाई. फुकट दारूचे रोजचे २१ डॉलर ८० सेंट. त्यापेक्षा सिल्व्हरसी, रीजंट यांसारख्या महागड्या कंपन्यांचा व्यवहार सरळ: तिकीटच जबर, दारू त्यातच.

सेवाशुल्काबद्दल एक सांगायला हवं. बारमागे उभा असलेला मुलगा बहुधा फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा आपल्या गोव्याचा, मुंबईचा असतो. सहा-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही. गोव्यात साष्टी-बार्देशातली कितीतरी घरं या तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या, मुलांनी उभी केली आहेत. त्यांची कमाई बरीचशी या टक्क्यांवर अवलंबून असते, म्हणून दरांचा राग त्या पोरावर काढण्यात अर्थ नाही.

प्रवासीही काही कमी नसतात. बहुतेक कंपन्या चढताना माणशी वाइनची एक ७५० मिलिलिटरची बाटली आणू देतात. बाकी सगळं जप्त, आणि बंदरात घेतलेला खंबा उतरायच्या आदल्या रात्री किंवा सकाळी परत. त्यावर लोकांनी काढलेल्या युक्त्यांचा स्वतंत्र बाजार आहे: सनस्क्रीनच्या आणि शॅम्पूच्या नकली बाटल्या, बॅगेत चपटी बसणारी प्लास्टिकची पाकिटं. माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घातलेली व्होडका तर जुनीच. पाण्याच्या सीलबंद बाटल्यांतून पांढरी दारू इतकी येऊ लागली की २०१५ च्या जुलैपासून कार्निव्हलने बाटलीतलं पाणी आणि सोडा चढवायलाच बंदी केली. फक्त कॅन चालतील. लोक ओरडू नयेत म्हणून १२ बाटल्या पाणी ३ डॉलरच्या आत केबिनमध्ये पोचवायची सोयही केली. कंपनी पाण्यावर इतकी उदार झाली, यावरून दारूवर काय सुटत होतं याचा अंदाज यावा. उलट ब्रिटिश पी अँड ओ जहाजांवर चढताना माणशी लिटरभर दारू नेता आली आहे, आणि तिथले बारचे दरही इंग्लंडच्या पबच्या जवळपास राहिले आहेत. त्यांचं गिऱ्हाईक पबमधल्या दराचं पक्कं असतं, ते फसत नाही.

कायद्याचे किनारेही दरात उतरतात. काही फेऱ्यांत स्पेनच्या हद्दीत जहाज असलं की बिलावर तिथला व्हॅट चढतो; हद्द सुटली की उतरतो. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालं की राज्याच्या नियमांमुळे कार्निव्हलचं पॅकेज पहिल्या दिवशी चालत नाही. आणि परत येताना बाटली घेऊन उतरणाऱ्याकडून राज्याचा कर घ्यायला बंदरावर माणसं बसलेली असतात.

आपल्याकडे हा गुंता आणखी वाढतो. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ ही भारतातल्या भारतातली फेरी. परदेशी जाणाऱ्या जहाजाची करमाफी तिला आपसूक मिळत नाही. दारू हा राज्यांचा विषय, जीएसटीच्या बाहेरचा. महाराष्ट्रात कागदोपत्री प्यायलाही परवाना लागतो, विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपयांना. हार्ड ड्रिंकसाठी वय २५, गोव्यात २१. तेच जहाज लक्षद्वीपला गेलं तर बंगाराम बेट सोडून सगळीकडे दारूबंदी, तेव्हा अगत्तीला उतरताना प्याला डेकवरच ठेवायचा. प्रत्येक सरकारची हद्द वेगळी, आणि हे सगळं सांभाळायचा खर्च पेगमध्ये मिळवला जातोच.

पण गोव्याला पोचल्यावर पणजीच्या मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी बघाव्यात. तिथे प्रवेश फी भरली की जेवण आणि दारू हवी तेवढी. कोणी पेग मोजत नाही, कारण कमाई टेबलावर आहे आणि पेगाने हात सैल सुटतो. समुद्रातल्या मोठ्या जहाजांनाही हे ठाऊक आहे. त्यांच्या कॅसिनोत बऱ्यापैकी रक्कम लावणाऱ्याला पेयं फुकट मिळतात. तिथून वीस पावलांवरच्या बारमध्ये त्याच बाटलीतलं, तेवढंच माप: १४ डॉलर, अधिक १८ टक्के.