ठिबकणारी तोटी

नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून बांधीव नळानें पुण्यांत आणिलें व ठिकठिकाणच्या हौदांत खेळविलें. हौदावरून कळशी वाहून आणणारास पाण्याचें वजन ठाऊक असे. भिंतींतील तोटी फिरविणारास तें राहिलेलें नाहीं. एकत्र कुटुंबांत तर तोटीचा ठिबकण्याचा आवाज सर्वांसच ऐकूं येतो, परंतु थोरल्यास वाटतें धाकटा पाहील, आणि धाकटा म्हणतो, वडील मंडळींच्या लक्षांत असेलच!

अशा तोटीखालीं एकदां भांडें ठेवून घड्याळ पाहावें. तासाभरांत पाव लिटर जमलें, तर दिवसाचे ६ व वर्षाचे २,१९० लिटर होतात. शहरांतील माणसास दिवसास १३५ लिटर हें प्रमाण सरकारी योजनांत धरितात; त्या हिशेबानें एका माणसाचें सोळा दिवसांचें पाणी मोरींतून गेलें. उपाय बहुधा इतकाच कीं, मागील चावी बंद करून तोटींतील झिजलेला वायसर बदलावा.

दिसणारी गळती पत्करली. न दिसणारी शोधावी लागते. रात्रीं निजानीज झाल्यावर गच्चीवरील टाकींत येणारें पाणी बंद करावें, आंत काठी उभी धरून पातळीची खूण करावी व पहांटे कोणी उठण्यापूर्वीं पुन्हां पाहावें. टाकी लांबीरुंदीस एकेक मीटर असल्यास एक सेंटिमीटर उतार म्हणजे १० लिटर पाणी गेलें. दुसरे रात्रीं टाकींतून घरांत जाणारी चावीही बंद ठेवावी. तरीही पातळी उतरली तर दोष टाकींत. न उतरली तर तो खालील नळांत, तोटींत अथवा शौचकूपाच्या टाकींत आहे. या शेवटल्या टाकीची परीक्षा सोपी आहे. तींत कपड्यांची थोडी नीळ घालून अर्धा तास ती ओढूं नये. खालीं भांड्यांत निळें पाणी उतरलें, तर आंतील झडप नीट बसत नाहीं असें समजावें. भिंतीस ओल येऊन पोपडे सुटत असतील, तर मात्र जाणत्या कारागिरास बोलवावें. उगाच भिंत फोडूं नये.

आतां गळतीशीं संबंध नसलेली एक गोष्ट. सकाळीं नवें पाणी आलें कीं कालचें ‘शिळें’ म्हणून ओतून देण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. स्वच्छ, झांकलेल्या भांड्यांतील पाणी एका रात्रींत नासत नाहीं. घरांतील वडील मंडळींस तें पिण्यास नकोच असेल, तर त्यांशीं वाद घालूं नये. त्या पाण्यानें पडवी धुवावी, नाहीं तर तुळशीस घालावें.