लहान चाकाची सायकल आणि तिचे दाते

सकाळी काशीमीरा नाक्यावर उभे राहून पाहा. कोणी सायकलीने मीरा रोड स्टेशनकडे निघालेले असते. कोणाच्या कॅरिअरला पाव बांधलेले असतात. त्यात एखादी लहान चाकाची सायकलही दिसते. ती जिन्याखाली मावते, उचलायला हलकी पडते. म्हणून आम्हीही एक जुनी, वीस इंची चाकांची सायकल घेतली. गिअर बदलायची सोय नाही, एकच गिअर.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पाय भराभर फिरत, पण सायकल काही पुढे सरकेना. मोठ्या सायकलीवरचे दूधवाले काका निवांत पाय मारीत आमच्या पुढे गेले. जाता जाता म्हणाले, "अहो, सायकल चालवताय की शिवणयंत्र?"

दोष चाकाचा असेल असे आम्हाला वाटले. पण नुसत्या चाकाचा तो नव्हता. दात्यांचाही होता.

पायडलजवळ एक मोठे दातेरी चक्र असते. मागच्या चाकाला लहान दातेरी चकती असते. दुकानात तिला फ्रीव्हील म्हणतात. दोघांवरून चेन फिरते. आम्ही एका दात्यावर खडूची खूण केली आणि तिथपासून मोजू लागलो. पुढे 36 दाते, मागे 16. आता 36 ला 16 ने भागा. सव्वादोन येतात. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सव्वादोन वेळा फिरते.

चाक एकदा फिरले की सायकल किती पुढे जाते? तेही घरीच मोजता येते. टायरवर खडूची रेघ ओढा. रेघेखाली जमिनीवर खूण करा. सायकल सरळ ढकला. रेघ पुन्हा जमिनीला लागेल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर आमच्या सायकलीचे 155 सेंटिमीटर भरले. त्याची सव्वादोन पट म्हणजे साधारण साडेतीन मीटर. पायडलचा एक फेरा, साडेतीन मीटर वाट.

काकांची सायकल 28 इंची. तिला पुढे 44 आणि मागे 18 दाते. तिचा एक फेरा सुमारे 5 मीटर 40 सेंटिमीटर जातो. एक किलोमीटरला काकांचे 185 फेरे होतात, आमचे 286. शंभर फेरे जास्त! शिवणयंत्रच ते.

पूर्वी यावर इलाज नव्हता. सुमारे 1870 नंतर विलायतेत उंच चाकांच्या सायकली निघाल्या. त्यांची पायडले पुढच्या चाकालाच जोडलेली असत. वेग हवा तर चाक मोठे करायचे. पडला तर माणूस तोंडावर आपटायचा. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल तयार केली. तिच्यात चेन मागचे चाक फिरवीत असे. अशी सायकल चालू लागली, आणि वेगासाठी उंच चाकाची गरज उरली नाही. दाते बदलले की काम होते.

हे कळल्यावर आम्हाला हाव सुटली. मिस्त्रींकडून पुढे 52 दात्यांचे चक्र बसवून घेतले. 52 भागिले 16, सव्वातीन. एका फेऱ्याला पाच मीटर! सपाट रस्त्यावर झकास वाटले. पण एक दिवस घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघालो. गायमुखचा घाट लागला, कॅरिअरला ओझे होते. उभे राहून पायडल दाबले तरी सायकल हलेना. संध्याकाळी गुडघे ठणकू लागले. आठ दिवस जिना चढणे नकोसे झाले.

मिस्त्रींनी समजावले, "दादा, आपला नेहमीचा रस्ता पाहायचा, आपले ओझे पाहायचे. वेग मग." शेवटी पुढे 44 घातले, मागे 16 तसेच ठेवले. पावणेतीन पट. एका फेऱ्याला सव्वाचार मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला पंधरा किलोमीटर होतात. स्टेशनला जायला तेवढे पुष्कळ झाले. दुपारी खाडीकडून समोरचा वारा आला तरी पाय अडत नाहीत.

रोज पंधरा-वीस किलो ओझे नेणाऱ्याने मात्र पुढे 44 असतील तर मागे 18 घालावेत. एक फेरा मग 3 मीटर 80 सेंटिमीटर जातो. सायकल थोडी हळू चालेल, पण उड्डाणपुलाच्या चढावर गुडघे वाचतील. मागचा एक दाता वाढवणे हे पुढचे अडीच-तीन दाते कमी करण्यासारखे आहे. म्हणून आधी फ्रीव्हील बदलून पाहावे. ते पुढच्या चक्रापेक्षा बहुधा स्वस्तातही पडते.

दाते बदलले की चेन तपासून घ्या. पुढचे चक्र मोठे केले तर जुनी चेन तोकडी पडते, लहान केले तर लोंबते. मधोमध बोटाने दाबली तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. फार ढिली असली तर चालत्या सायकलीवर उतरते, आणि मागून ट्रक येत असतो! झिजलेल्या दात्यांवर नवी चेनही घसरते. अशा वेळी दोन्ही बदलावे लागतात.

आता काका भेटले की आम्ही बरोबरीने जातो. गायमुखचा घाट आला की आम्ही खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. काकाही उतरतात.